भिंतीपलीकडचा ठोका

गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, जबलपूरच्या अधारताल भागातील मराठी मंडळाच्या सभागृहात ‘धौंकनी’ (म्हणजे भट्टीचा भाता) या तीन जणांच्या ग्रूव्ह मेटल बँडने चार रचना वाजवल्या. पहिल्या रचनेच्या वेळी मधल्या रांगांतील बहुतेकांनी कानांवर हात ठेवले होते. चौथी संपली तेव्हा कोणाचेही हात कानांवर नव्हते. विसर्जनानंतर मंडळाची सभा झाली आणि तीत बँडला सरावासाठी दिलेली खोली त्यांच्याकडेच ठेवायची, असा ठराव मतदानाने मंजूर झाला. त्याच आठवड्यात बँडने ती खोली सोडली.

बातमी एवढीच होती. ती पूर्ण छापली गेली नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मी या शहरातील एका हिंदी दैनिकात बातमीदार होतो. शेवटची बरीच वर्षे माझ्याकडे सांस्कृतिक कार्यक्रम होते. बाहेरच्यांना हे काम मौजेचे वाटते. प्रत्यक्षात ते पान छपाईला लवकर जाते आणि कार्यक्रम उशिरा सुरू होतो. त्यामुळे बातमीदार निमंत्रणपत्रिका पाहून अर्धी बातमी आधीच लिहून ठेवतो. दीपप्रज्वलन झाले, पाहुण्यांचे स्वागत झाले, श्रोते मंत्रमुग्ध झाले. जागेवर जाऊन फक्त नावे तपासायची. माझ्या काळात या शहरातील श्रोते जितक्या वेळा मंत्रमुग्ध झाले, तितके ते प्रत्यक्षात झाले असते तर बाजार उघडले नसते.

माणसेही तऱ्हेतऱ्हेची भेटत. एका कवीला बातमीत आपल्या कवितेपेक्षा आपल्याला मिळालेल्या टाळ्यांचे वर्णन मोठे हवे असे. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या एका बँडमास्तरची तक्रार होती की, पेपरवाले नवरदेवाच्या घोडीचा फोटो छापतात, क्लॅरिनेटचा कधीच नाही. त्याची तक्रार रास्त होती. मी संपादकांना सांगितले. घोडीच छापली गेली.

या कामात माझी एकच पद्धत होती. पहिल्या रांगेत बसायचे नाही. कार्यक्रम दारातून, भिंतीला टेकून, मागच्या खुर्च्यांमागून, अशा वेगवेगळ्या जागांवरून ऐकायचा. पुढे बसलेल्याला फक्त व्यासपीठ दिसते.

‘धौंकनी’ची माहिती मला आमच्या नगर संपादकांनी दिली. ते म्हणाले, “दादा, आपके मराठी मंडल में बप्पा के सामने मेटल बज रहा है. दो कॉलम बना दीजिए. और फोटो ऐसा हो कि बुज़ुर्ग कान पर हाथ रखे बैठे हों.” फोटो कसा हवा, हे कार्यक्रमाआधीच ठरले होते.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात मी बँडला भेटायला गेलो. सभागृहाच्या मागे मंडळाची सामान ठेवायची खोली आहे. बांबू, ताडपत्र्या, नाटकाचे जुने पडदे यांच्यामध्ये थोडी जागा करून तिघे बसले होते. ड्रम वाजवणारा वैभव निखाडे शाळेत असल्यापासून मंडळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवत असे. ढोल याच खोलीत ठेवले जात, म्हणून किल्ली त्याच्याकडे असे आणि ती त्याच्याकडेच राहिली होती. बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार, मृणाल वाजवत असे. ती एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवायची. गिटार आणि गाणे अंकितकडे. तो हिंदी घरातला. तिघांपैकी कोणाच्याही घरी ही वाद्ये वाजवणे शक्य नव्हते. भाड्याच्या खोल्या दोनदा सुटल्या होत्या. ही खोली गेली असती तर बँड संपला असता, असे तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत सांगितले.

ग्रूव्ह मेटल म्हणजे काय, हे मी वैभवला विचारले. तो मराठीत सुरुवात करी आणि हिंदीत पोचे.

“दादा, त्याच्या आधी थ्रॅश मेटल होतं. ते म्हणजे पळणं. नुसतं पळून राहिले सगळे. मग अमेरिकेत काही लोकांनी ठरवलं की पळायचं नाही, चालायचं. पण हत्ती चालतो ना, वैसा.”

त्याने मोबाइलवर या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या रचनांपैकी एक लावली. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका बँडची, नव्वदच्या दशकातली. गिटारचा एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा येत होता. तो सरळ पडत नव्हता. किंचित लंगडत, एका पायावर जास्त भार देत यावा तसा येत होता. मग त्याने ब्राझीलमधल्या एका बँडची रचना लावली. त्यात त्या बँडने आपल्या देशातील आदिवासींचे ताल आणि ढोल मेटलमध्ये घेतले होते. गिटारच्या तारा इतक्या सैल की सुरापेक्षा तारेचे थरथरणेच आधी जाणवे.

“हे ऐकलं तेव्हा मी रडलो होतो,” वैभव म्हणाला. “वाटलं, अरे, हे तर आपलं आहे. मिरवणुकीत आपण हेच तर वाजवतो. फरक इतकाच की यांनी गॅप ठेवला.”

“कसला गॅप?”

“ठोका पडायच्या आधीचा. तुम्हाला वाटते आता पडेल, तो पडत नाही. मग पडतो. वही ग्रूव्ह है.”

मृणाल हसली. “याला एक प्रश्न विचारला की हा क्लास घेते, दादा. माझ्यापेक्षा जास्त.”

त्यांची खोली धोक्यात येण्याचे कारण साधे होते. खोलीची मागची भिंत आणि भोयर काकांच्या घराची भिंत एकच होती. भोयर काका कारखान्यातून निवृत्त झालेले, मंडळाच्या कार्यकारिणीवर अनेक वर्षे असलेले. त्यांच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. त्यांची खाट त्याच भिंतीला लागून होती. घरात दुसरीकडे ती मावत नव्हती. चार वाजता सराव सुरू होई आणि काकींची दुपारची झोप जाई. रात्री त्यांना झोप येतच नसे.

काकांनी तक्रार केल्यावर मुलांनी भिंतीला गाद्या लावल्या, जुन्या रजया टांगल्या. दारालाही सतरंजी ठोकली. काका पुन्हा आले. “तुमचं वरचं वरचं सगळं गेलं. खालचं येऊनच राहिलं,” ते म्हणाले. हे बरोबर होते. गादी बारीक आवाज शोषते. जाड आवाजाला ती दिसतही नाही. तो विटांतून जातो. या संगीताचा सगळा जीव ज्या खालच्या आवाजात आहे, नेमका तोच भिंत ओलांडत होता.

प्रकरण सभेत गेले. तेथे एका सदस्याने हे संगीत आपल्या संस्कृतीत बसत नाही असे सांगितले. दुसऱ्याने मुले घरात मराठी बोलत नाहीत, हा मुद्दा मांडला. अध्यक्षा मालतीताई गडकर महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी विचारले, “यातल्या किती जणांनी ते ऐकलंय?” एकट्या भोयर काकांनी हात वर केला. मालतीताई म्हणाल्या, “तुम्हीही भिंतीतून ऐकलंय. जे ऐकलंच नाही, त्यावर मत कसं देणार? उत्सवात वाजवू द्या. मग हात वर करा.”

मंडळाच्या उत्सवात बाहेरचे कलाकार बोलावत नाहीत. सदस्य आणि त्यांची मुलेच रोज काहीतरी सादर करतात. त्या सातव्या दिवशी आधी लहान मुलींचे नृत्य होते आणि दोन भावगीते. ध्वनियोजनाही याच पद्धतीची होती. एका बाजूला मंडळाचा स्वतःचा मोठा लाकडी स्पीकर, सदस्यांनीच वेळोवेळी दुरुस्त केलेला. दुसऱ्या बाजूला बडा फुहारा या चौकाजवळच्या मंडपवाल्याकडून आणलेला, जवळजवळ तेवढाच. वाद्ये जोडून आधी एकदा वाजवून पाहायची असतात. त्या दिवशी आरती लांबली, मग मुलींचे नृत्य पुन्हा एकदा घ्यायचा आग्रह झाला आणि ‘धौंकनी’ला थेट वाजवायला बसावे लागले.

पहिली रचना सुरू झाली. मी मधल्या वाटेत उभा होतो. झांजांचा कर्कश आवाज, गिटारची करकर आणि अंकितचा घशातला गुरगुराट, एवढेच ऐकू येत होते. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसे. पहिल्या रांगेतील सोफ्यावर कार्यकारिणी बसली होती. एका आजींनी पदर कानावर घेतला. मग शेजारच्यांनी. आमच्या छायाचित्रकाराला हवा तो फोटो मिळाला आणि तो निघून गेला.

“हे रडून राहिले की गाऊन राहिले?” माझ्या मागे कोणी तरी विचारले.

“बप्पांना तरी विचारा, ते उठून जायचे.”

मी सवयीप्रमाणे जागा बदलली आणि डाव्या भिंतीपाशी गेलो. तेथे छातीत काहीतरी हलले. उजव्या भिंतीपाशी गेलो, तेथेही तसेच. पुन्हा मध्ये आलो, तर काही नाही. हे काय असावे, ते मला कळले नाही.

रचना संपली. टाळ्या तुरळक. वैभवने दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. त्याचा चेहरा उतरला होता. भोयर काका पहिल्या रांगेच्या टोकाला, मधल्या वाटेलगत, हाताची घडी घालून बसले होते.

मृणालच्या गिटारची वायर लांब होती. ती गिटारसकट व्यासपीठावरून खाली उतरली आणि एकच जाड सूर वाजवत मधल्या वाटेने चालू लागली. लोकांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. काही मुलांनी शिट्ट्या मारल्या. सभागृहाच्या मध्यावर ती थांबली. सूर वाजवला. दोन पावले डावीकडे सरकून पुन्हा वाजवला, मग पुन्हा मध्ये.

“वैभव,” ती तिथूनच ओरडली, “एक तरफ का उल्टा है!”

“क्या उल्टा?”

“तार! एक डब्बा बाहर फेक रहा है, दूसरा अंदर खींच रहा है. बीच में सब कट रहा है.”

स्पीकरच्या आतला पडदा पुढे-मागे हलून हवा ढकलतो. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या असतील, तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. भिंतींपाशी जवळच्या एका स्पीकरचा आवाज जास्त पोचतो, म्हणून तिथे हा दोष कळत नाही. मधोमध दोन्ही सारखे पोचतात आणि खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. मंडळाचा स्पीकर दुरुस्त करताना कधीतरी लाल तार काळीच्या जागी लागली होती. भाषणे, भजने आणि भावगीते यांना हे कधी जाणवले नाही. मंडळात पूर्वी कोणी इतके खाली गेलेच नव्हते.

मंडपवाल्याचा माणूस सोनू पुढे आला. “दीदी, हमारा डब्बा एकदम सही है,” त्याने आधीच जाहीर केले.

“किसी का भी हो भैया, एक का पलट दो.”

त्याने मंडळाच्या स्पीकरमागे हात घालून दोन तारांची अदलाबदल केली. मृणाल व्यासपीठावर गेली. मालतीताईंनी तिला विचारले, “मुली, शब्द कोणत्या भाषेत आहेत?”

“हिंदी आहे, मॅडम.”

“बरं झालं सांगितलंस.”

दुसरी रचना वैभवच्या एकट्या ठोक्याने सुरू होत असे. त्याचा पाय पडला आणि सभागृहातील खुर्च्या एकदम गप्प झाल्या. मी बरेच कार्यक्रम ऐकले आहेत. मोठे गायक, मोठे तबलजी. आवाज कानावर येतो, ही माझी समजूत त्या क्षणापर्यंत होती. हा आवाज जमिनीतून वर आला. तो पायांतून पोटात आणि पोटातून छातीत गेला. मग गिटार आणि बेस एकाच वेळी त्या ठोक्यावर येऊन बसले, थांबले, आणि पुढचा ठोका जिथे पडेल असे वाटले, तिथे पडला नाही. पूर्ण सभागृह त्या रिकाम्या जागेत पुढे झुकले. मग तो पडला. ओळीने बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या माना एकाच वेळी खाली गेल्या. कोणी त्यांना सांगितले नव्हते.

अंकितचा गुरगुराट आता वेगळा वाटत होता. खाली जमीन तयार झाल्यावर तो एखाद्या माणसाचा आवाज वाटू लागला. भट्टीपुढे उभे राहून काम करणाऱ्या माणसाविषयी ते गाणे होते. भोयर काकांची हाताची घडी सुटली होती. तळवे गुडघ्यांवर उघडे होते. चाळीसएक वर्षे त्यांनी अशाच आवाजात काम केले होते, हे मला नंतर कळले.

तिसऱ्या रचनेत लहान मुली उड्या मारू लागल्या. चौथीच्या शेवटी वैभवने मिरवणुकीचा ठोका घेतला. तो तिथल्या प्रत्येकाला पाठ होता, पण त्याने तो निम्म्या गतीने वाजवला. ओळखीचा माणूस अचानक दुप्पट उंच होऊन दारात उभा राहावा, तसे झाले. संपल्यावर टाळ्या पडल्या.

भोयर काका पहिले बोलले. शेजारच्याला म्हणाले, “म्हणजे त्या खालच्या ठोक्यावर अजून एवढं सगळं असते तर.”

दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पहिल्या रचनेच्या वेळचा फोटो आला. मी रात्री फोनवरून सांगितलेला मजकूर जागेअभावी चार ओळींवर आला. मालतीताईंनी मला फोन करून विचारले, “तुम्ही आला होतात ना?” मी आलो होतो, असे सांगितले.

विसर्जनानंतरच्या सभेत मी सदस्य म्हणून हजर होतो. मालतीताईंनी खोली बँडकडे ठेवण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितले. संस्कृतीचा मुद्दा मांडणारे सदस्य हात खाली ठेवून बसले. मते बरोबरीत अडकतील असे वाटत असताना भोयर काकांनी हात वर केला.

“काका, तुम्ही?” कोणी तरी विचारले.

“मी. काहून, मला मत नाही काय?”

ठराव मंजूर झाला. चार ओळींच्या बातमीत जे राहिले होते ते लिहून द्यावे, म्हणून त्यानंतर एका दुपारी मी बँडला भेटायला गेलो. वैभव पेढे घेऊन भोयर काकांकडे निघाला होता. मला म्हणाला, “चला ना दादा, एकट्याला कसंतरी वाटून राहिलं.” सरावाच्या खोलीत मृणाल आणि अंकित वाद्ये लावत होते.

काकी खाटेवर होत्या. डावा हात चादरीवर ठेवलेला. काकांनी पेढा मोडून त्यांच्या तोंडात दिला.

“हाच काय तो?” काकींनी विचारले. शब्द जरा जड येत होते.

“हो, हाच. निखाडेंचा.”

“अच्छा.” काकींनी वैभवकडे पाहिले. “काय वाजवतात रे बाबा तुम्ही? हे सांगत होते लय भारी आहे. मला तर नुसता ठोका येते.”

वैभव म्हणाला, “काकी, आता कमी करतो आम्ही.”

“तू काय कमी करशील,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. “बस इथं. सुरू होऊ दे त्यांचं.”

सराव सुरू झाला. ड्रम नव्हता, फक्त मृणालची गिटार. खोलीत सूर ऐकू आला नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर स्टीलचा ग्लास होता. त्यातले पाणी थरथरू लागले. वैभव उठला आणि भिंतीला पाठ लावून, खाटेच्या उशाशी, जमिनीवर बसला. काकींचे डोके जिथे होते त्याच उंचीवर त्याचे डोके आले. तो डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला.

“ड्रम असते तेव्हा याच्यापेक्षा किती जास्त असते?” त्याने विचारले.

काका म्हणाले, “लय.”

“मग तुम्ही हात काहून वर केला, काका?”

“मालतीताईंनी विचारलं होतं, वाजवणं चांगलं आहे का वाईट. चांगलं आहे.” काकांनी ग्लास उचलून दुसरीकडे ठेवला. “झोपेचं कोणी विचारलंच नाही.”

वैभव बाहेर गेला. भिंतीपलीकडचा आवाज थांबला. थोड्या वेळाने तिघांचे बोलणे ऐकू आले; मृणालचा आवाज चढलेला होता, अंकितचा शब्द कळला नाही. त्या संध्याकाळी वैभवने किल्ली मालतीताईंच्या हाती दिली. त्या म्हणाल्या, “अरे, ठराव तुमच्या बाजूने झालाय.” तो म्हणाला, “हो, मॅडम. थँक्यू.” वाद्ये न्यायला त्यांना दोन फेऱ्या लागल्या.

पुढचे दोन महिने बँडने वाजवले नाही. नंतर अंकितच्या मामांनी जबलपूरजवळच्या पनागर गावाबाहेर भाजीचा माल ठेवायची पत्र्याची शेड दिली. मटाराच्या हंगामात ती भरलेली असते, तेव्हा सराव बंद ठेवावा लागतो. आसपास वस्ती नाही. ‘धौंकनी’चे पहिले ध्वनिमुद्रण याच शेडमध्ये झाले. चौथी रचना, निम्म्या गतीचा मिरवणुकीचा ठोका असलेली, त्यांची सर्वांत जास्त ऐकली जाणारी रचना आहे.

मटाराचा हंगाम संपल्यानंतरच्या एका रविवारी भोयर काका भाड्याची व्हॅन घेऊन त्या शेडवर गेले. मागच्या सीटवर काकी होत्या. त्यांना उतरवणे शक्य नव्हते, म्हणून व्हॅन शेडच्या तोंडाशी उलटी लावली आणि मागचे दार उघडे ठेवले. बँडने दोन रचना वाजवल्या. काकींनी आणखी एक वाजवायला सांगितली, ती वाजवली गेली, आणि व्हॅन अधारतालला परत निघाली. ही माहिती वैभव आणि मृणाल या दोघांनी स्वतंत्रपणे दिली आहे.